संस्कारमूल्य : तीस गुण

पुस्तकं रिक्षातून आली. दोन पोती, तोंडाशी सुतळीनं शिवलेली, वर मार्करनं ‘बालविभाग’ लिहिलेलं. रिक्षावाल्यानं ती जिन्याखाली टेकवली आणि विचारलं, ‘‘बाई, तांदूळ हाय काय?’’ म्हटलं, नाही, पुस्तकं आहेत. ‘‘मग वर चढवायचं वीस रुपये जादा पडतील. पुस्तकं लई वजनाला असत्यात.’’ त्याच्या मागून दुसरा मजला चढताना मला ते पटलं होतं. पुढच्या दीड महिन्यात मात्र पटेनासं झालं.

कोल्हापुरातल्या एका संस्थेच्या बालसाहित्य पुरस्कारासाठी मी परीक्षक होते. संस्थेचं नाव सांगत नाही, कारण पुढं जे लिहिणार आहे ते तिच्या एकटीच्या माथी मारणं बरोबर नाही. महाराष्ट्रात तालुक्यागणिक असे पुरस्कार आहेत आणि थोड्याफार फरकानं सगळीकडं हेच चालतं. आम्ही तिघं होतो : मराठीचे एक निवृत्त प्राध्यापक, एक मुख्याध्यापक आणि मी. मुलांसाठी लिहिते, एवढीच माझी पात्रता. साठेक पुस्तकं आणि प्रत्येकाला एक गुणतक्ता. तक्त्यात चार रकाने : आशय ३०, भाषा २०, संस्कारमूल्य ३०, मांडणी २०. चित्रं कुठं बसवायची म्हणून फोन केला, तर उत्तर आलं, ‘‘मांडणीत घाला की.’’

पोत्यातून हाताला आलेलं पहिलंच पुस्तक कवितांचं, बत्तीस पानी. आधी आई-वडिलांच्या चरणी अर्पण, मग एका ज्येष्ठांची प्रस्तावना, मग एका अधिकाऱ्यांच्या शुभेच्छा, मग कवीचं मनोगत, ऋणनिर्देश, अनुक्रमणिका. मुलाच्या वाट्याची पहिली ओळ अकराव्या पानावर. मलपृष्ठावर कवीचा फोटो, पदव्या, आजवरचे पुरस्कार. घरी पाहुणे आले की पोरांना आतल्या खोलीत पिटाळतात आणि पाहुणे उठेपर्यंत बाहेर येऊ देत नाहीत, तसलाच हा प्रकार. आतल्या पानावर ‘वयोगट ५ ते १५’ असंही छापलं होतं. पाच वर्षांचं मूल आणि पंधरा वर्षांचा मुलगा एकाच चपलेत पाय घालतील असं चप्पललाईनीतला कुठलाही दुकानदार म्हणणार नाही.

साठातली निम्मी पुस्तकं कवितांची निघाली. याचं कारण प्रतिभेपेक्षा छापखान्यात जास्त आहे. सोळा पानांचा एक फर्मा, दोन फर्म्यांत संग्रह होतो. आठ-दहा ओळींची कविता, खाली मोकळी जागा, कोपऱ्यात नेटवरून उचललेलं चित्र. पुस्तक बहुतेक वेळा कवीच्याच पैशानं निघतं, थोडक्या प्रती, त्यातल्या निम्म्या भेट आणि उरलेल्या स्पर्धांना. विकत घेणारा कुणी असलाच तर तो ग्रंथालयाची किंवा शाळेची खरेदी करणारा मोठा माणूस. दुकानात जाऊन स्वतःच्या हातानं निवडणारं मूल या साखळीत कुठंच नाही. विषयही मग खरेदी करणाऱ्याला बघून ठरतात : पाणी वाचवा, झाडे लावा, लेक वाचवा, मोबाइलचे तोटे. मोबाइलच्या तोट्यांवर मी त्या दीड महिन्यात इतक्या कविता वाचल्या, की शेवटी मोबाइलचीच दया यायला लागली.

यमकाचा तर कारखाना. ससा आला की तो कसा हे विचारलं जाणार, पाऊस आला की हौस फिटणार. मुलांच्या कवितेत यमक नको असं मी म्हणणार नाही. मुलाला ते हवंच असतं. पण विंदा करंदीकरांची ‘राणीची बाग’ १९६१ची आणि ‘पिशीमावशी आणि तिची दुनिया’ १९८१ची. त्यांत यमक खेळण्यासारखं मुलाच्या हातात येतं, ते उलटं धरून, आपटून बघता येतं. आमच्या पोत्यातलं यमक म्हणजे रांगेत उभं राहायला लावणारा मॉनिटर. पिशीमावशी भुताखेतांच्या दुनियेतली. तिच्याकडून मुलांनी काय शिकायचं? एका रात्री मी खरंच एक कोरा तक्ता घेऊन तिला गुण देऊन पाहिले. संस्कारमूल्यात तीसपैकी चार पडले. त्यातलेही दोन ती वयानं वडीलधारी म्हणून.

मुलांच्या पुस्तकात संस्कार शोधायची ही खोड आजची नाही. विनायक कोंडदेव ओकांनी १८८१मध्ये ‘बालबोध’ हे मासिक सुरू केलं आणि १९१४मध्ये वारले तोवर जवळजवळ एकहाती चालवलं. वा. गो. आपट्यांचं ‘आनंद’ १९०६चं. परक्याच्या राज्यात पुढची पिढी घडवायची ही त्या लोकांची तळमळ होती. त्यांनी मुलांना चरित्रं आणि शहाणपण दिलं, याला नावं ठेवायला मी धजणार नाही. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिलं. आज ‘संस्कारक्षम’ म्हणून जे खपतं ते सगळं याच पुस्तकाच्या नावावर. पण त्यातला श्याम आधी चुकतो. तो पोहायला भितो, लपून बसतो, पैसे चोरतो, आणि ते सगळं लेखक वाचकाला पोटभर बघू देतो. आमच्या पोत्यातली मुलं चुकतच नव्हती. चुकलीच तर एखाद्या ओळीपुरती, आणि लगेच कुणीतरी आजोबा झाडाखाली बसलेले असायचेच.

नंतर ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या आला, भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे सायकलवर टांग मारून आला. त्यांनी मुलाला गोष्टीच्या मध्यभागी ठेवलं आणि मोठ्यांना कडेला बसवलं. हे घडून कितीतरी वर्षं झाली. तरी पुरस्काराच्या जगानं या मंडळींचं नाव तेवढं घेतलं. राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत बालवाङ्मयाचे सहा प्रकार आहेत. कादंबरीला साने गुरुजींचं नाव, कथेला राजा मंगळवेढेकरांचं, संकीर्णला ताम्हनकरांचं, सामान्यज्ञानाला यदुनाथ थत्त्यांचं. ज्यांनी मुलांना फास्टर फेणे दिला आणि ज्यूल व्हर्न मराठीत आणला, त्या भागवतांचं नाव नाटक-एकांकिकेला. आणि बालकवितेचा पुरस्कार बालकवींच्या नावानं! त्र्यंबक बापूजी ठोंबऱ्यांना ‘बालकवी’ ही पदवी १९०७च्या जळगावच्या कविसंमेलनात मिळाली ती त्यांचं वय कोवळं होतं म्हणून. ते मुलांसाठी लिहीत होते म्हणून नव्हे. नाव ठेवणाऱ्यांच्या मनात ‘बाल’ हा शब्द आला की पुढचं वाचायची गरज उरत नाही, एवढाच याचा अर्थ मी काढते. आणि सहांतला एकही प्रकार चित्रांचा नाही.

पंधरा-वीस पुस्तकं झाल्यावर मला स्वतःचाच संशय यायला लागला. मी पन्नाशीची बाई, दिवाणावर तक्क्याला टेकून सात वर्षांच्या मुलाच्या वतीनं कंटाळतेय. म्हणून एक पिशवी भरून महापालिकेच्या एका शाळेत गेले. चौथीचा वर्ग, तिसरा तास. बाईंनी ओळख करून दिली, मी सतरंजीवर बसले आणि सरळ मोठ्यानं वाचायला घेतलं.

पहिली गोष्ट एका खोटं बोलणाऱ्या कोल्ह्याच्या पिल्लाची. तिसऱ्या पानाशी मागून आवाज आला, ‘‘आता त्याची आय रागावणार. मग ते सॉरी म्हणणार.’’ वर्ग हसला. मी पान उलटलं. आई रागावली होती. पुढच्या पानावर पिल्लू सॉरी म्हणालं. मुलं माझ्याकडं अशा नजरेनं बघत होती, की जणू ही चोरी माझीच.

दुसऱ्या गोष्टीतली आजी जात्यावर दळत होती. थांबून विचारलं, जातं माहीत आहे का? एका मुलानं हात वर केला, ‘‘लग्नात हळदीला पूजतात ते.’’ त्याचं उत्तर त्या लेखकाच्या वाक्यापेक्षा खरं होतं. जातं आता पूजेपुरतं उरलंय हे त्या मुलाला ठाऊक होतं, लेखकाला नव्हतं. गावाकडची गोष्ट म्हटली की आमची लेखणी जातं, वाडा, मामा आणि बैलगाडी काढते. कागलच्या किंवा इचलकरंजीच्या मुलाच्या गावात एमआयडीसीची बस असते, यंत्रमागाचा खडखडाट असतो, ऊसतोडीला आलेल्यांच्या खोप्या असतात, दर काही वर्षांनी पंचगंगेचं पाणी दारात येतं. २०१९चा आणि २०२१चा पूर पाहिलेली मुलं आता चांगली मोठी झाली. त्यांच्यासाठी त्या पाण्याची एकही गोष्ट माझ्या पोत्यात नव्हती.

मग एक पोरगी पुढं सरकली. ‘‘बाई, मी वाचतो की.’’ मी पुस्तक तिच्या हातात दिलं. आमच्या भागात पोरी ‘मी वाचतो’, ‘मी आलो’ असंच म्हणतात. मीही लहानपणी तसंच म्हणायचे, आणि पुण्याच्या एका कार्यक्रमात तसं बोलून गेले तेव्हा सभागृहात पिकलेला हशा मला अजून ऐकू येतो. ती वाचत होती त्या गोष्टीतली मुलगी शेतकऱ्याची, गाव डोंगरातलं, आणि बोलत मात्र होती सदाशिव पेठेतलं : ‘आई, मी आज खूप आनंदी झाले आहे.’ पोरीनं ते वाचलं, मान वर केली आणि पुन्हा वाचलं, या खेपेला ‘लई भारी वाटायलंय आये’ असं. हे तिनं मला दाखवायला केलं नव्हतं. वाक्य तोंडात बसेना म्हणून तिनं ते नीट करून घेतलं, इतकंच.

त्या तासानंतर मी माझा एक रकाना मनातच वाढवला : मोठ्यानं वाचताना वाक्य टिकतं का. साठांतली दहा-बारा टिकली. आमच्या मुलुखात लिहिणाऱ्यांना बोली येत नाही असंही नाही. शंकर पाटील पट्टणकोडोलीचे, आनंद यादव कागलचे. त्यांनी मोठ्यांच्या साहित्यात बोलीला पाटावर बसवलं. मुलांचं लिहायला बसलं की मात्र तोच माणूस इस्त्रीचा सदरा घालतो, कारण पुस्तक शाळेत जायचं असतं आणि शाळेत ‘शुद्ध’ लागतं. उपदेश टाळण्याच्या बाबतीत मात्र आपल्या जिल्ह्याचंच एक उदाहरण बरं वाटतं. वनखात्यात नोकरी करणाऱ्या सलीम सरदार मुल्ला यांच्या ‘जंगल खजिन्याचा शोध’ला २०१९चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. ज्याचे पाय रोज जंगलात पडतात त्याला झाडाचं महत्त्व समजावून सांगत बसावं लागत नाही, मुलांना आत न्यावं लागतं. त्याआधी २०१७मध्ये ल. म. कडूंच्या ‘खारीच्या वाटा’ला तो पुरस्कार होता, धरणात जाणाऱ्या गावातलं बालपण, आणि उपदेशाची एक ओळ नाही.

अकादमीनं हा पुरस्कार २०१० साली सुरू केला, मराठीतला पहिला अनिल अवचटांच्या ‘सृष्टीत... गोष्टीत’ला. त्या पुढची यादी मी त्या दिवसांत टेबलावर समोर ठेवली होती. बाबा भांड, अनंत भावे, माधुरी पुरंदरे, रत्नाकर मतकरी यांना तो एकूण कार्यासाठी दिला गेला. माणसं मोठी, मान योग्यच. पण ‘एकूण कार्य’ मुलाला दुकानात मागता येत नाही. पुरंदऱ्यांचं उदाहरण मला जास्त खुपतं. त्या स्वतः लिहितात, स्वतः चित्रं काढतात, आणि त्यांच्या पुस्तकात मजकूर कुठं संपतो आणि चित्र कुठं सुरू होतं हे वेगळं काढताच येत नाही. अशा एका पुस्तकावर बोट ठेवून ‘हे’ म्हणायचं तर चित्र वाचावं लागलं असतं. २०१४ साली आपण सगळ्या कार्याला नमस्कार केला आणि ते वाचणं राहून गेलं. त्यामानानं ‘पराग’ या बालसाहित्याच्या उपक्रमाचा ‘बिग लिटल बुक’ पुरस्कार २०१६मध्ये सुरू झाला तो लेखक आणि चित्रकार असे दोन वेगळे मान ठेवूनच. लेखनाचा पहिला मान पुरंदऱ्यांचा. अमेरिकेत चित्रपुस्तकाच्या चित्रकारासाठी कॅल्डिकॉट पदक १९३८पासून आहे. आंतरराष्ट्रीय अँडरसन पुरस्कारात चित्रकाराची सोय व्हायला १९६६ उजाडलं, पण झाली.

आमच्या अंतिम बैठकीत गाडी नेमकी इथंच अडली. संस्थेचा पहिला मजला, गरगरणारा पंखा, चहा आणि बशीत भडंग. माझ्या यादीत पहिल्या क्रमांकाला एक चित्रपुस्तक होतं. नाव घेत नाही, परीक्षकानं घेऊ नये. एसटी स्टँडवर आई तिकिटाच्या रांगेत गेलीय आणि मुलगा सामानापाशी थांबलाय, एवढीच गोष्ट. एका पानावर मजकूर एका ओळीचा : तो मुळीच घाबरला नव्हता. चित्रात मात्र मुलानं पिशवीचा बंद बोटाभोवती इतका आवळलाय की बोटाचं टोक लाल झालंय, आणि भोवतीची सगळी माणसं कमरेपासून खालीच दिसतात. पायजमे, लुगड्यांचे काठ, एक कुबडी, एक बादली. मुलाच्या उंचीवरून दिसतो तेवढाच स्टँड. दोन पानांनी आईच्या चपला ओळखू येतात आणि तिथंच मजकूर थांबतो. पुढच्या पानावर शब्दच नाहीत.

प्राध्यापकांनी चष्मा वर सरकवला. ‘‘मॅडम, शब्द मोजले मी. दोनशे चौदा. दोनशे चौदा शब्दांना साहित्याचा पुरस्कार द्यायचा?’’ मुख्याध्यापक भले गृहस्थ, ते म्हणाले, ‘‘पुस्तक गोड आहे. पण ह्यातून मुलानं घ्यायचं काय?’’ मी बोटाचं टोक दाखवलं. त्यांनी ते निरखून पाहिलं, आणि म्हणाले, ‘‘हां, ते छान काढलंय.’’ काढलंय, लिहिलंय म्हणायला कुणी तयार नव्हतं. माझी बाजू मी नीट मांडली असं मला वाटत नाही. आवाज चढला की माझी भाषा घसरते. खरं तर प्राध्यापकांचा प्रश्न अगदीच वाह्यात नव्हता. दोनशे चौदा शब्दांचं पुस्तक आणि दीडशे पानांची कुमार कादंबरी एकाच तराजूत घालायला लावणारा आमचा तक्ताच येडा होता.

आणि हे कुठं, तर ज्या गावाला आपण कौतुकानं कलापूर म्हणतो तिथं. आबालाल रहमान इथले, बाबूराव पेंटर इथले. ‘ललित’मधल्या ठणठणपाळाला रूप देणारे वसंत सरवटे यांचा जन्म कोल्हापूरचा. त्या गावातल्या बैठकीत चित्रकाराचं नाव शोधायला आम्हाला पुस्तक उलटंसुलटं करावं लागलं; ते सापडलं अक्षरजुळणी आणि मुद्रक यांच्या मध्ये, मुंगीएवढ्या टायपात. इतर काही पुस्तकांत तर तेवढंही नव्हतं.

पहिला पुरस्कार कादंबरीला गेला. ती बरी होती, माझी तक्रार नाही. चित्रपुस्तकाला उत्तेजनार्थ. ‘उत्तेजनार्थ’ हा शब्द कुणी शोधून काढला कोण जाणे. ज्याला उत्तेजनाची गरज नसते त्यालाच तो नेहमी मिळतो.

माझा स्वतःचा एक तक्ता इथं दाखवायला हवा. एका कवितासंग्रहासोबत कवीचं पत्र होतं. डोंगराकडच्या दोनशिक्षकी शाळेतला मास्तर. पगारातून पैसे साठवून पुस्तक काढलेलं, मुलांना वाचायला काही नाही म्हणून. पत्र चांगलं होतं. त्यातली एक ओळ संग्रहातल्या सगळ्या कवितांपेक्षा चांगली होती. कविता मात्र ससा-कसा जातीच्याच. मी आशयात आधी अकरा लिहिले होते. पत्र वाचून झाल्यावर एकाचा दोन केला; पेन तेच होतं, कुणाला कळलं नसतं. एकवीस. म्हणजे मीसुद्धा पुस्तकाला नव्हे, त्यामागच्या हेतूलाच गुण दिले, आणि इथं प्राध्यापकांना नावं ठेवायला बसले. मराठी बालसाहित्याला चांगल्या हेतूंचा कधी तुटवडा पडलेला नाही. प्रस्तावना, शुभेच्छा, मनोगत, पुरस्कार, सगळीकडं आपण हेतूचीच पाठ थोपटत असतो. वाक्य आणि चित्र बिचारं पुस्तकात एकटंच राहतं.

मुलांसाठी शाळेतच ठेवलेली पिशवी परत आणायला गेले तेव्हा बाईंनी यादी टिकमार्क करून ठेवली होती, सगळी पुस्तकं हजर. ‘मी वाचतो’वालीनं मला गाठलं. म्हणाली, ‘‘बाई, त्या कोल्ह्याच्या गोष्टीचा शेवट आम्ही बदललाय.’’ वहीत दाखवला. पिल्लू शेवटपर्यंत सॉरी म्हणत नाही, उलट आईलाच खोटं बोलताना धरतं. लीला पाटलांनी १९८५ साली याच गावात ‘सृजन आनंद’ ही शाळा सुरू केली, तेव्हापासून मुलाला बोलू द्या, त्याला स्वतःचं काही करू द्या हे आपण ऐकत आलोय. ऐकण्यात आपण पटाईत. त्या वहीतला शेवट मी संस्थेच्या समारंभातल्या भाषणात सांगितला, टाळ्या पडल्या, आणि स्मृतिचिन्ह, शाल, नारळ घेऊन आम्ही सगळे जेवायला गेलो.

यंदा पुन्हा संस्थेचा फोन आला. मी होकार दिला, पण एक अट घातली : तक्त्यात चित्रांचा वेगळा रकाना हवा, आणि ‘संस्कारमूल्य’चे तीस कमी करून ‘वाचून दाखवल्यावर’ असा एक रकाना हवा. पलीकडं जरा शांतता झाली.

‘‘मॅडम, तक्ते छापून आलेत ओ. दोनशे काढलेत.’’

म्हटलं, कडेला पेनानं उभी रेघ मारायला जागा आहे का, तेवढं बघून सांगा. त्यांनी फोन तसाच ठेवून गठ्ठा सोडला, कागदाचा आवाज ऐकू आला. बोटभर आहे म्हणाले.

‘‘एक बोट का दोन?’’

‘‘एकच. पण बारीक लिवलं तर बसंल.’’